धनुष्य करणाऱ्याच्या दुकानातली काठी

स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स यानं 1457 साली आपल्या संसदेकडून एक कायदा करून घेतला. फुटबॉल आणि गोल्फ बंद, तरुणांनी तिरंदाजीचा सराव करायचा. शेजारच्या इंग्रजांकडे लांब धनुष्यांची पलटण होती, लढाई कधी पेटेल याचा भरवसा नव्हता, आणि इकडे पोरं काठीनं चेंडू बडवत समुद्राकाठच्या वाळूवर हिंडत होती. कायदा फारसा कुणी मनावर घेतला नसणार, कारण 1471 मध्ये आणि पुन्हा 1491 मध्ये तोच हुकूम नव्यानं काढावा लागला. शाळेच्या फळ्यावर मोबाइलबंदीची सूचना दर जूनमध्ये नव्यानं लागते, तसाच हा प्रकार.

खरी गंमत पुढेच आहे. शेवटचा हुकूम काढणारा चौथा जेम्स. त्याच्याच खजिन्याच्या हिशेबवहीत 1502 साली एक खर्च लिहिलेला सापडतो: पर्थ गावच्या धनुष्य करणाऱ्याकडून गोल्फच्या काठ्या, 14 शिलिंग. राजा स्वतः खेळायला लागला होता आणि काठ्या विकत घेत होता त्या धनुष्यवाल्याकडून. पुढे शंभर वर्षांनी, 1603 मध्ये, सहाव्या जेम्सनं विल्यम मेन नावाच्या एडिंबराच्या कारागिराला राजाचा गोल्फ-काठ्या करणारा म्हणून नेमलं. हा मेनसुद्धा मूळचा धनुष्यच करणारा. कोणतं लाकूड वाकेल, कोणतं मोडेल, कोणतं वाकून पुन्हा जागेवर येईल, हे ज्याला हातानं कळतं त्याच्याकडेच दोन्ही कामं जाणार. ज्या खेळानं धनुष्य मागे सारलं, त्या खेळाची काठी धनुष्याच्याच दुकानात तयार झाली.

मी गोल्फ खेळत नाही. नंदुरबार जिल्ह्यात तळोदा-धडगावकडच्या शाळांत क्रीडाशिक्षक म्हणून माझी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतरही पोरांना तिरंदाजी शिकवणं सुटलेलं नाही. गोल्फच्या जुन्या गोष्टी मी वाचायला लागलो ते वाऱ्यामुळे. वाऱ्यात नेम कसा धरायचा यावर तिरंदाजीच्या पुस्तकांत पान-दीड पान असतं. गोल्फवाल्यांनी मात्र त्यावर दीडशे वर्षं डोकं खपवलंय.

आमच्याकडे वाऱ्याची टंचाई नाही. पावसाळ्यात खंबायतच्या आखाताकडून निघालेला वारा तापीच्या खोऱ्यात शिरतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सह्याद्रीच्या रांगा, मधून तो नळीतून यावा तसा येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली ती याच वाऱ्याच्या जोरावर. हिवाळ्यात नंदुरबारजवळच्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून साधी झुळूक आली तरी मोटारसायकलवाला डोळे पुसत गाडी बाजूला घेतो. आणि तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीच्या घाटात आषाढात दरीकडून जो वारा वर चढतो, त्यात छत्री उघडण्याचा प्रयत्न नवखा माणूसच करतो.

या डोंगरात पावरा आणि भिल्ल माणसांचा तिरकामठा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिरलेल्या सालीची. सूत नाही, तात नाही. इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत बाणांचं बारकाईनं वर्णन आहे: हातभर-दीड हात लांबीचे, काहींना सुरीसारखं चपटं पातं, काहींना खिळ्यासारखं गोल टोक, आणि पाखरं पाडायला पुढे बोंड असलेले बोथट बाण. ओढायची रीतही वेगळी. अंगठा न लावता पहिल्या दोन बोटांत दोरी धरून बाण सोडतात, आणि आमचा पूर्वज एकलव्य म्हणून असं, असं कारण सांगतात. कारण पटो न पटो, जगभरचे ऑलिंपिकवालेही दोरी बोटांनीच ओढतात, अंगठ्यानं नाही.

वाऱ्याचं या धनुर्धराला फार पडलेलं नसे, कारण शिकार झाडीत व्हायची आणि जवळून व्हायची. झाडी वारा अडवते. पण डोंगराच्या धारेवर तसं नाही. एका विद्यार्थ्याचे आजोबा मला अशा धारेवर घेऊन गेले होते. पलीकडच्या उतारावर एक वठलेला साग होता, त्यावर त्यांनी बाण मारून दाखवला. आधी बिडी पेटवली, दोन झुरके घेतले, आणि धूर कुठे जातो ते नुसतं पाहिलं. मग सागाच्या डावीकडे, हवेत, काहीच नाही अशा जागी नेम धरला. बाण खोडात बसला. धूर इथला सांगतो, पण तिथे सागापाशी वारा कसा आहे हे कसं कळलं, असं मी विचारलं. खालच्या गवताकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सर, ते काय आंधळं आहे?" गोल्फर चिमूटभर गवत उपटून हवेत सोडतो आणि झाडांच्या शेंड्यांकडे बघतो, ते मी नंतर पाहिलं. रीत तीच, फक्त बिडी नाही.

तिरकामठा आणि गोल्फ यांची आपल्या मुलखात गाठ पडली ती मात्र उलट्या दिशेनं. 1818 मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला, आणि डोंगरातले भिल्ल काही केल्या ताब्यात येईनात. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जन्मानं स्कॉट. त्याच्या काळात 1825 साली खानदेशात भिल्ल एजन्सी उभ्या राहिल्या, आणि भिल्लांचीच पलटण बांधण्याचं काम जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. धरणगावला त्यानं ती पलटण उभी केली. हा आउट्रम जन्मला इंग्लंडात, पण वाढला आणि शिकला स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनच्या बाजूला. तिथल्या गोल्फरांची मंडळी 1780 पासूनची. त्यानं भिल्लांबरोबर वाघ मारले, त्यांच्यात उठबस केली आणि त्यांच्या हातातला कामठा काढून बंदूक दिली. एके काळी स्कॉट राजे लोकांच्या हातातली काठी काढून धनुष्य देऊ पाहत होते. त्याच मुलखात वाढलेला माणूस सातपुड्याच्या पायथ्याशी धनुष्य काढून घेत होता. राजांना जमलं नाही ते आउट्रमला बरंच जमलं. सगळं नाही. 1858 च्या एप्रिलमध्ये अंबापाणीच्या लढाईत भिल्ल पुढारी खाज्या नाईकाचे लोक कंपनीच्या फौजेशी लढले तेव्हाही बाण चाललेच.

गोल्फ आला तो आउट्रमसारख्या साहेबांच्या सामानातून. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईचा 1842 चा. 1845 मध्ये मुंबईच्या गोल्फरांनी सेंट अँड्र्यूजच्या क्लबला एक पदकही भेट पाठवलं. म्हणजे आउट्रमच्या पलटणीला जेमतेम वीस वर्षं झाली होती तेव्हा मुंबई गोल्फच्या माहेराला आहेर करत होती. त्यानंतर छावण्या जिथे जिथे, तिथे तिथे गोल्फ गेला. कोरड्या मुलखात हिरवळ टिकेना, तेव्हा भोकाभोवती तेल घालून रोळलेली वाळू पसरायची आणि त्यावर चेंडू ढकलायचा, अशी युक्ती हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत चालली.

आमच्या भागाला जवळचं गोल्फचं ठिकाण नाशिक. शिकायला होतो तेव्हा ज्या मैदानावर पहाटे पळायला जायचो त्याला सगळं गाव गोल्फ क्लब म्हणायचं. गोल्फ मात्र तिथे मी कधी पाहिला नाही. कागदावर त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा तो अनंत कान्हेरे. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. साहेबाच्या खेळाच्या मैदानाला त्याचंच नाव दिलं, हे मला मनापासून आवडतं. आता तिथे रणजीचे सामने होतात, आजूबाजूला भेळ मिळते, आणि रिक्षावाल्याला "गोल्फ क्लब" सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो.

पण मला सांगायचंय ते चेंडूचं.

सुरुवातीचा चेंडू म्हणजे चामड्याची पिशवी, आत हंसाची उकडलेली पिसं. टोपीभर पिसं त्या मुठीएवढ्या गोळ्यात कोंबायची. एक कारागीर दिवसभरात मोजकेच करू शके, म्हणून महाग. आणि भिजला की शिवण उसवून फुटे. बाणाच्या मागेही पीसच. बाणाला ते सरळ ठेवतं, चेंडूला फुगवतं. मग 1848 च्या सुमारास मलायाकडच्या झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा चेंडू आला. त्याची एक आख्यायिका स्कॉटलंडमध्ये अजून सांगतात: सेंट अँड्र्यूजमधल्या एका घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चा भरलेला होता, आणि घरातल्या तरुणानं त्याचाच चेंडू वळला. खरं-खोटं विष्णूला ठाऊक. झालं असं की नवा गुळगुळीत चेंडू नीट उडेना, दोन-चार हात जाऊन गोता खाई. खेळाडूंच्या काठ्या वाहणाऱ्या कॅडी मंडळींच्या लक्षात आलं की मार खाऊन खरवडलेला जुना चेंडू मात्र लांब आणि सरळ जातो. तेव्हापासून कारागीर नव्या चेंडूवर हातोडीनं आधीच टोचे मारून द्यायला लागले. पुढे विल्यम टेलर या इंग्रज कारखानदारानं 1905 मध्ये गोल खळग्यांचं पेटंट घेतलं. आजच्या चेंडूवर असे तीनशे ते पाचशे खळगे असतात. त्यांच्यामुळे हवा चेंडूला चिकटून जास्त मागेपर्यंत जाते, मागची पोकळी लहान होते आणि ओढ कमी लागते.

खळग्यांहून मोठी गोष्ट फिरकीची. फिरणारी गोळी हवेत वळते हे प्रयोगानं दाखवणारा पहिला माणूस बेंजामिन रॉबिन्स. त्याचं तोफविद्येचं पुस्तक 1742 चं. बंदुकीची नळी त्यानं मुद्दाम डावीकडे वाकवली. गोळी आधी डावीकडे गेली आणि मग फिरकीनं उजवीकडे वळून नेमाच्या पलीकडे निघाली. हाच रॉबिन्स पुढे कंपनीच्या किल्ल्यांची तटबंदी बांधायला हिंदुस्थानात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापानं गेला. वळत्या गोळीचं गणित त्याच्याबरोबर जवळजवळ विसरलंच गेलं. शंभर वर्षांनी जर्मनीत हाइनरिख माग्नुसनं ते पुन्हा मांडलं आणि नाव त्याचं लागलं.

गोल्फच्या चेंडूला ते लावलं एडिंबराच्या पीटर गथ्री टेट या प्राध्यापकानं. विज्ञानाचा हा माझा आवडता माणूस. गोल्फचं त्याला इतकं वेड की रात्री खेळता यावं म्हणून चेंडूंना चमकणारा फॉस्फरस लावून पाहिला, आणि एका सहकाऱ्याच्या हातमोज्यानं पेट घेतला तेव्हा तो उद्योग थांबला. चेंडू किती फिरतो हे मोजायला त्यानं चेंडूला लांब फीत बांधली, मातीच्या गोळ्यावर जवळून फटका मारला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा आमच्या जिल्ह्यातल्या शाळेलाही परवडेल. 1890 नंतर त्यानं लिहिलेल्या लेखांचा निष्कर्ष असा: चेंडू लांब जातो तो नुसत्या जोरानं नाही, उलट्या फिरकीनं. फटका बसताना चेंडू मागच्या बाजूला फिरायला लागतो आणि ती फिरकी त्याला वर धरून ठेवते. त्याचा मुलगा फ्रेडी पट्टीचा गोल्फर, 1896 आणि 1898 चा हौशी विजेता. 1893 च्या जानेवारीत गोठलेल्या जमिनीवर त्यानं चेंडू हवेतूनच 250 यार्ड नेला, म्हणून बापाचं गणित खोटं पडलं, अशी गोष्ट लोक चवीनं सांगतात. बापाच्या गणितात फिरकी आधीपासून होती. गोष्ट सांगणाऱ्यांनी लेख वाचले नव्हते. फ्रेडी 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या लढाईत मारला गेला, आणि पुढच्याच वर्षी टेटही वारला.

वाऱ्याशी या सगळ्याचा संबंध इथे येतो. समोरून वारा आला की चेंडूवरून जाणारी हवा वाढते, तशी फिरकीची उचलही वाढते. चेंडू पुढे जाण्याऐवजी वर चढतो, फुगल्यासारखा दिसतो, आणि वरून जवळजवळ सरळ खाली पडतो. माणसाचा स्वभाव असा की वारा समोर दिसला की तो जास्त जोरात मारतो. जास्त जोर म्हणजे जास्त फिरकी, जास्त फिरकी म्हणजे जास्त चढ. म्हणून जुने स्कॉट खेळाडू वाऱ्यात जोर कमी करायचे. कमी उताराची काठी घ्यायची, मूठ थोडी खाली धरायची, चेंडू मागच्या पायाकडे ठेवायचा, निम्म्यातून हात वळवून फटका मारायचा आणि शेवटी हात वर न नेता थांबवायचे. चेंडू वाऱ्याखालून जातो. जर्सी बेटावरचा हॅरी व्हार्डन, ज्यानं ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकलं आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, तो या ठेंगण्या फटक्यासाठी प्रसिद्ध होता. ढोबळ हिशेब आजचे शिक्षक असा सांगतात: समोरून ताशी 10 मैलांचा वारा असेल तर 150 यार्डांचा फटका 15 यार्डांनी तोकडा पडतो, पण तेवढाच वारा पाठीमागून आला तर फायदा त्याच्या निम्माच. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान सरळ जाऊन सरळ परत येणारं आहे. जाताना पाठीवर घेतलेला वारा येताना तोंडावर व्याजासकट वसूल होतो.

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला युनायटेड सर्व्हिसेस क्लबचं गोल्फचं मैदान आहे, समुद्राला लागून. नौदलातल्या पुतण्यानं तिथे मला एका सकाळी नेलं होतं. पाऊस उघडला होता, वारा नव्हता उघडला. एक सुटलेल्या पोटाचे निवृत्त साहेब चेंडूपाशी उभे होते. त्यांनी काठी मागितली, कॅडीनं पिशवीतून दुसरीच काढून दिली आणि म्हणाला, "साहेब, हवा समोर आहे. ही घ्या आणि हळू मारा." साहेबांनी घेतली ती काठी, पण मारलं जोरात. चेंडू वर चढला, थांबल्यासारखा झाला आणि समुद्राकडे सरकला. कॅडीनं काहीही न बोलता दुसरा चेंडू पुढे केला. टेटचे लेख त्यानं वाचले असण्याचं कारण नाही, आणि गरजही नाही.

धनुष्य आणि गोल्फची काठी यांचं भांडण आता मिटलेलं आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 च्या उन्हाळ्यात, दोन्हीकडे आपली माणसं होती: तिरंदाजीत फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, गोल्फमध्ये पुण्याचा उदयन माने. तिरंदाजीचं मैदान होतं युमेनोशिमाला, समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर. वादळाच्या शक्यतेनं वेळापत्रक हलवावं लागलं. 70 मीटरवरच्या प्रत्येक लक्ष्याच्या डोक्यावर छोटं निशाण असतं ते वारा कळावा म्हणूनच. माझी पोरं टीव्हीवर बाण सोडून त्या निशाणांकडेच बघत होती. उदयपूरकडच्या झाडोल भागातला आदिवासी पोरगा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरून थेट ऑलिंपिकपर्यंत गेला आणि 1992 मध्ये बीजिंगला त्यानं 30 मीटरमध्ये 360 पैकी 358 गुण घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली, ही गोष्ट मी त्यांना इतक्यांदा सांगितली आहे की ती आता माझ्याआधी आकडा म्हणतात.

त्यांच्या सरावासाठी मी वाऱ्याचे दिवस मुद्दाम निवडतो. शालेय स्पर्धांत इंडियन राउंड म्हणून जो प्रकार आहे तो बांबूच्या धनुष्यानं, 30 आणि 50 मीटरवरून. 30 ला वारा फार छळत नाही, 50 ला छळतो. डोंगरातून आलेली मुलं नेम बाजूला धरायला बिचकत नाहीत. शहरातली मुलं लक्ष्याच्या मधोमधच बघत राहतात, आणि बाण भलतीकडे गेला की धनुष्याला नावं ठेवतात. समोरच्या वाऱ्यात जोर वाढवू नका हे मात्र दोघांनाही सारखंच सांगावं लागतं. बाणाला चेंडूसारखी फिरकीची उचल नसते, पण जास्त ओढायला गेलं की खांदा हलतो, म्हणून उपदेश तोच.

2015 च्या जुलैत सेंट अँड्र्यूजला ओपन स्पर्धा चालू असताना शनिवारी वारा इतका वाढला की गवतावर ठेवलेला चेंडू आपोआप घरंगळायला लागला. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरीही त्या स्पर्धेत होता. खेळ दहा तासांहून जास्त थांबवला आणि स्पर्धा सोमवारी संपली. नियम म्हणून बरोबरच आहे. पण तो आमच्याकडे लावला, तर अक्षय तृतीयेपासून पोळ्यापर्यंत माझ्या पोरांना एक बाण सोडायला मिळणार नाही.